देवीच्या ओटीतली फणी

आईचं दर्शन घेऊन आल्याला पंधरवडाही उलटला नव्हता आणि माझी बायको तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो काही भक्ताला शोभणारा नव्हता. मी देव्हाऱ्यासमोर उभा राहून सरळ विचारलं, तुझ्याकडे आलो हेच चुकलं का आमचं? आम्ही बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली जुनी आगरी माणसं, कार्ल्याची एकवीरा आमची कुलदेवी. आम्ही तिला देवी म्हणत नाही, आईच म्हणतो, आणि आईशी भांडायला माणूस कचरत नाही तसा मीही कचरलो नाही. रागाने बोललो खरा, पण त्या रागाखाली नुसती भीती होती.

ती सहल ठरली तीच मुळी भांडणातून. मुलांना शनिवार-रविवार जोडून पोहण्याचा तलाव असलेल्या रिसॉर्टवर जायचं होतं आणि मला दर्शनाला. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, दोघांची तोंडं गोड केली. शनिवारी डोंगराच्या पायथ्याजवळ रिसॉर्ट आणि रविवारी सकाळी दर्शन. कर्जत-खोपोलीवरून गाडी काढली. पावसाळा सरत आला होता, गवत चांगलं मांडीपर्यंत वाढलेलं. शनिवारी मुलांनी पाण्यात धिंगाणा घातला आणि मीही पोट आत ओढून उतरलो. रविवारी दर्शन निवांत झालं. उतरताना सुनंदा दमली, वाटेच्या कडेला एका झाडाखाली गवतातच आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. घरात सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या नंतर झोपणारी ही बाई भरदिवसा घोरते आहे, हे बघून तिला उठवणं माझ्या जिवावर आलं. तासभर आम्ही शेजारी भेळ खात बसून राहिलो.

मग ताप आला. आधी वाटलं साधा असेल, गोळीने उतरेल. उतरला नाही. डोकं इतकं दुखायचं की सुनंदा उशीत तोंड खुपसून पडून राहायची. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मी तिला उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथे मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड, सगळं तपासून झालं आणि कशातच काही निघेना. प्लेटलेट मात्र उतरत होत्या, लिव्हरवरही परिणाम दिसत होता. वॉर्डातली डॉक्टरीण वयाने माझ्या पुतणीएवढी, पण मनापासून बघणारी. तिने विचारलंही होतं, अलीकडे बाहेरगावी कुठे गेला होता का? मी म्हटलं, देवाला गेलो होतो. देवाला जाणं म्हणजे माझ्या लेखी बाहेरगावी जाणं नव्हतंच. मी तेवढ्यावरच थांबलो आणि तिनेही मान हलवली.

आमच्या घरात अशा वेळी शेवटचा शब्द आत्याचा. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. साऱ्या भावकीत देवीचा मान कसा करायचा हे ती सांगणार आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ती हॉस्पिटलात आली, सुनंदाच्या कपाळावरून हात फिरवला, आणि मला बाहेर बोलावून शनिवार-रविवारचा सगळा हिशेब घेतला. पोहण्याचं ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आईला भेटायच्या आधी पान्यान उतरलाव तुमी," ती म्हणाली. "मान चुकला. मंगलवारी जा न माफी माग."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. माणूस घाबरला की त्याला सगळंच पटतं. तोवर मी स्वतः काय कमी नवस बोललो होतो? पायऱ्या अनवाणी चढेन म्हणून झालं. चांदीचे डोळे वाहीन म्हणून झालं. मंगळवारची मासळी तशीही खात नव्हतो, म्हणून रविवारची सोडली. आगऱ्याने रविवारची मासळी सोडणं म्हणजे काय ते आगऱ्यालाच कळेल. एक नवस बोलून ताप उतरला नाही की लगेच दुसरा, जणू बाजारात भाव वाढवत चाललो होतो. कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायच्या आणि मनातल्या मनात आईला काहीतरी कबूल करत राहायचं, हाच माझा दिनक्रम. सुनंदाजवळ बसायला मात्र मला जमत नव्हतं. तिचे ते सुकलेले ओठ, तारवटलेले डोळे बघवायचे नाहीत. हे लिहिताना वाईट वाटतं, पण तसं होतं.

मंगळवारी सकाळी आत्याच्या मुलाने गाडी आणली. आत्याने ओटीची पिशवी भरून दिली होती. हिरवं लुगडं, खण, नारळ, बांगड्या, हळदकुंकू, नवी कोरी लाकडी फणी. मुलगी कॉलेजला दांडी मारून सुनंदाजवळ बसायला येणार होती, ती वाटेत होती. मी सुनंदाला सांगितलं, मी आईकडे जाऊन येतो, संध्याकाळपर्यंत परत. तिने डोळे उघडले, माझं बोट धरलं आणि सोडलं.

त्या खोलीत दोनच खाटा होत्या. दुसऱ्या खाटेवर एक सिंधी म्हातारी होती आणि तिची सून दिवसभर तिच्याजवळ असायची. त्यांचा जवळच जीन्स शिवायचा छोटा कारखाना होता. बाई फोनवर कारागिरांना दम द्यायची आणि दुसऱ्या हाताने सासूला घास भरवायची. आमची ओळख म्हणजे चहाचा कप पुढे करण्याएवढीच. मी पिशवी उचलली तशी ती म्हणाली, "भाऊ, देवी के पास जा रहे हो, अच्छी बात है. पर पहले इनके बाल तो बना दो. हमसे देखा नहीं जाता."

मी बघितलं. खरंच, कसं कोण जाणे, मला ते दिसलंच नव्हतं. सुनंदाचे केस लांब आणि दाट, त्यांची तिला फार हौस. दिवसेंदिवस उशीवर पडून त्यांचा नुसता गुंता झाला होता. मी म्हटलं, कंगवा नाही हो. घाईत आणायचा राहिला. तिची नजर माझ्या हातातल्या पिशवीकडे गेली. फणी वरच होती.

ती देवीची वस्तू. आत्याला कळलं तर घरात पाऊल ठेवू देणार नाही, हे पहिलं मनात आलं. खालून गाडीचा हॉर्न वाजला. मी उभा होतो आणि सुनंदा डोळे मिटून पडली होती. मग मी पिशवी खुर्चीवर ठेवली आणि फणी काढली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचे केस मी कधी हातात घेतले नव्हते. मी वरून ओढायला लागलो तशी सुनंदा कण्हली. सिंधी बाई तिथूनच म्हणाली, नीचे से, भाऊ, नीचे से. तिने खोबरेल तेलाची बाटली दिली. मी सुनंदाला कुशीवर वळवलं आणि टोकापासून एकेक गाठ सोडवायला घेतली. दोनदा फोन वाजला, तो मी उचलला नाही. बराच वेळ गेला असेल. त्या वेळात मी एकही नवस बोललो नाही, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. समोरची गाठ आणि तिचं दुखू नये, एवढंच डोक्यात होतं.

मानेवरचे केस वर उचलले, तेव्हा केसांच्या मुळाशी एक काळी खपली दिसली. उदबत्तीचा चटका बसावा तेवढीच. मी विचारलं, इथे भाजलं होतं का गं? तिला ठाऊकच नव्हतं. दुखतही नव्हतं म्हणाली. सिंधी बाईने वाकून बघितलं. तिलाही काही कळलं नाही, पण ती डॉक्टरला हाक मारून आली.

डॉक्टरीणबाईंनी मोबाईलच्या उजेडात ती खपली नीट पाहिली आणि मला विचारलं, "या कुठे गवतात बसल्या होत्या का?"

मी त्यांना ते झाड, ते गवत, तिची ती झोप, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, गवतातला एक बारीक किडा चावतो, डोळ्यांनाही दिसत नाही, आणि त्याचा असाच ताप येतो. ही खपली म्हणजे त्याची खूण. तपासणी पाठवली, पण तिची वाट न बघता औषध त्याच दुपारी बदललं. मी खाली जाऊन गाडी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनंदाचं अंग घामाने ओलं झालं, ताप उतरला आणि तिने चहा मागितला. बिनसाखरेचा दिला म्हणून माझ्यावर चिडली. तिचं ते चिडणं ऐकून मी कॉरिडॉरमध्ये जाऊन पोटभर रडलो.

हा चमत्कार होता का, मला सांगता येत नाही. डॉक्टरांना ती खपली उद्या-परवा सापडलीही असती. मला एवढंच कळतं, की आईची माफी मागायला मी निघालो होतो आणि कुणीतरी मला दारातून मागे वळवून माझ्याच माणसाजवळ बसवलं. इतके दिवस मी कबुल्या देत होतो, आणि माझ्याकडून हवे होते ते फक्त दोन हात. त्या सिंधी बाईचं नावसुद्धा मी विचारलं नाही. आम्ही निघालो तेव्हा ती सासूला एक्स-रेला घेऊन गेली होती. रोज दिवा लावताना तिची आठवण होते.

आत्या मात्र रुसली होती. मी कार्ल्याला गेलो नाही हे तिला कळलं होतं, का ते माहीत नव्हतं. सुनंदा घरी आल्यावर ती पेज घेऊन आली आणि आल्या आल्या विचारलं, ओटीचं काय केलंस? मी काहीच लपवलं नाही. फणी तिच्यापुढे ठेवली. तेलाने काळवंडलेली, दातांत सुनंदाचे दोन-तीन केस अडकलेले. देवीची वस्तू माणसाला वापरली, आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो.

आत्याने फणी उचलली, केस हळूच काढले. मग सुनंदाच्या मागे बसली आणि तिची वेणी सोडायला लागली.

"पोचली र," ती म्हणाली. "वटी पोचली."