स्लॅबवरचं भात

पासली गावातलं माझं घर गळतं ते मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं म्हणून, असं मी बारा वर्षं सांगत आलो. ते खरं नाही.

मास्तरकीच्या पगारात बसेल एवढंच घर बांधायचं होतं. नकाशा मी कॅलेंडरच्या पाठीमागे काढला: पाच खोल्या, मध्ये चौक. मिस्त्री भोरचे, मुसलमान. त्यांनी नकाशा नीट पाहिला.

"गुरुजी, राहनार किती?"

"चौघं."

"मग चौकात कोन बसनार?"

दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं पडवी एवढंच उरलं. पायाला शेतातला दगड, दारं-खिडक्या जुन्या घराच्या. वर कौलं घाला, हितं पाऊस लई, असं ते म्हणाले. कौलं वानरं फोडतात म्हणून मी स्लॅबवर अडून बसलो. गावातला तो पहिलाच स्लॅब.

"मग एकवीस दिवस वर पानी ठेवायचं. एक दिवस कमी न्हाई. न्हाईतर तडं जात्यात."

दिवाळीनंतर स्लॅब टाकला. त्यावर मातीचे बांध घालून मिस्त्रींनी वाफे केले, पाणी भरलं आणि ते दुसऱ्या कामावर भोरला गेले. रोज पाणी भरायचं काम माझं.

आठव्या दिवशी ढग आले. कापलेलं भात शेतात पडलेलं आणि खळं सारवायचं राहिलेलं. मी स्लॅबवर चढून बांध फोडले.

"अवो, मिस्त्री काय म्हनतील?" बायकोनं खालून विचारलं.

"मिस्त्री भोरला आहेत," मी म्हणालो.

दोन मोठे दगड वर चढवले आणि त्यांवर दोन दिवस पेंढ्या झोडल्या. शेजाऱ्यानंही त्याचं भात आणलं. नाही कसं म्हणणार? पाऊस आलाच नाही. पाणी पुन्हा कुणी भरलं नाही.

स्लॅबखालच्या फळ्या काढायला आल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "पानी?"

"एकवीस दिवस," मी म्हणालो.

पहिल्याच पावसाळ्यात घर गळू लागलं. मी मिस्त्रींना बोलावून घेतलं. आम्ही दोघं वर चढलो. स्लॅबच्या भेगेत हिरवी रोपं एका ओळीत उगवली होती. मिस्त्रींनी एक उपटलं. मुळाशी भाताचं फोल होतं.

"इंद्रायणी का, गुरुजी?"

"हो."

त्या दिवशी मी एवढंच खरं बोललो. खाली माणसं जमली होती. घर का गळतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सिमेंट कमी घातलंय." मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, थापीची पिशवी उचलली आणि ते एसटीला गेले. शेजारी गप्प राहिला. त्याचंही भात त्यात होतं. गुरुजी खोटं बोलत नाहीत, हे गावाला ठाऊक होतं. मिस्त्रींची ठरलेली दोन घरांची कामं मोडली. त्यानंतर आमच्या खोऱ्यात त्यांना कुणी बोलावलं नाही.

यंदा मुलानं शेजारी घर बांधायला काढलं. मिस्त्रींचा मुलगा आता कामं घेतो, त्याला बोलवू, असं मी सुचवलं.

"त्या घरातला नको," मुलगा म्हणाला. "तुम्हीच सांगता ना."

मी नसरापूरला एसटी बदलून भोरला गेलो. मिस्त्री ओट्यावर बसले होते. चूक माझी होती, असं मी सांगितलं.

"मला म्हाईत हाय की," ते म्हणाले. "भात म्याच उपटलं व्हतं. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांगा. च्या घेनार?"

चहा घेतला. परत आल्यावर गाव देवळापुढं जमलं असताना उभं राहून सगळं सांगितलं. मग मागून एकानं विचारलं, "गुरुजी, आनि साळंत आमाला खोटं बोलल्यावर छड्या किती व्हत्या?"

"पाच."

कुणी मारल्या नाहीत. नव्या घराचा स्लॅब मिस्त्रींच्या मुलानं टाकला. पाणी मी भरतो. आज अकरावा दिवस. ढग आले आहेत. भात शेतातच आहे.