मागून चालणारा वोब्बे

आमच्या गावाला समुद्र आहे, पण तो घरातून दिसत नाही. मध्ये गवताचा उंच बांध आहे. बांधावर चढलं की पलीकडं पाणी, आणि ओहोटी लागली की क्षितिजापर्यंत चकाकणारा चिखल. त्या चिखलातून पायी समोरच्या बेटावर जाता येतं. वाट मात्र ठाऊक पाहिजे, आणि ती वाट कुणाची कायमची नसते. काल गुडघ्याला लागलेला ओहोळ आज छातीला लागतो. म्हणून वाटाडे लागतात. एकतीस वर्षं ते काम मी आणि वोब्बेनं केलं.

मी पुढं असायचो, हातात पाणी मापायची लांब काठी घेऊन. माझ्यामागं शहरातून आलेली वीस-तीस माणसं, आणि सगळ्यांच्या शेवटी वोब्बे. पुढच्या वाटाड्याचे फोटो निघतात, मागच्याचं नावही कुणी विचारत नाही. पण खरं काम मागच्याचं. कोण दमलं, कुणाचा बूट चिखलानं ओढून घेतला, कोण रडकुंडीला आलंय आणि लाजेनं गप्प आहे, हे सगळं वोब्बे माणसांच्या पाठीवरून ओळखायचा. रुतलेल्याला तो कधी हात देत नसे. हात दिला की दोघंही रुततात. तो म्हणायचा, "गुडघे टेका आणि रांगा. लाजू नका, इथं कोणी ओळखीचं नाही." आणि माणसं हसत हसत आपली आपण बाहेर यायची.

आमच्यात एक गोष्ट न बोलता ठरलेली होती. मी मागं वळून बघायचं नाही. पुढच्यानं मागं बघितलं की रांग थांबते, आणि मऊ चिखलात थांबलेली रांग खाली जाते. मागचं सगळं वोब्बेचं. काही बिनसलं तर तो हाक मारणार. एकतीस वर्षांत त्यानं नऊ-दहा वेळा हाक मारली असेल, आणि दर वेळी दुसऱ्या कुणासाठी.

एरवी तो लोकांच्या गोठ्यांत दूध काढायचा. लग्न त्यानं उशिरा केलं, बटाट्याच्या कोठारात निवडायला येणाऱ्या इमक्येशी. ती त्याच्या छातीलाही पोचत नव्हती. त्यांच्या बुटक्या घरात शिरताना तो वाकायचा आणि आत गेल्यावरही वाकलेलाच राहायचा. इमक्ये आल्यागेल्याला सांगायची, "मी एका शिडीशी लग्न केलंय. उपयोगी आहे, पण ठेवायची कुठं?" मूलबाळ झालं नाही. त्यावर ती दोघं कधी बोलली नाहीत, निदान माझ्यासमोर तरी नाही.

सदुसष्टाव्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, काळ्या पावाला लोणी लावताना त्याच्या उजव्या हातातली सुरी खाली पडली. तो तिच्याकडं बघत राहिला, जणू दुसऱ्याच कुणी पाडली होती. इमक्येला वाटलं, थट्टा करतोय. मग त्याचा ओठ एका बाजूला उतरला.

पक्षाघातानं उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, एकेक शब्द दुरून चालत यावा तसं. तालुक्याच्या गावातल्या पुनर्वसन केंद्रात तो तीन महिने होता. तिथं हिस्के नावाची फिजिओथेरपिस्ट होती, वयानं त्याच्या नातीसारखी. ती चाकांच्या ठेंगण्या स्टुलावर त्याच्यासमोर बसायची आणि दोन्ही हातांनी त्याचा उजवा गुडघा धरायची. तो दोन दांड्यांच्या मध्ये उभा राहायचा. पाऊल लोंबू नये म्हणून बुटात प्लॅस्टिकचा साचा घातलेला. तो पाय उचलायचा नाही, बाहेरून गोल फिरवून पुढं आणायचा, गवतावर विळा फिरवावा तसा. एक पाऊल झालं की हिस्के स्टूल एक वीत मागं सरकवायची. अशा विती मोजत त्यांनी हिवाळा काढला.

ती प्रत्येकाला एक प्रश्न विचारायची, कशासाठी चालायचंय. कुणी म्हणे कबुतरांना दाणे घालायला, कुणी म्हणे नातीच्या लग्नात नाचायला. वोब्बे म्हणाला, "घरी राहायला."

गोष्ट सरळ होती. इमक्ये त्याला उचलू शकत नव्हती. पलंगापासून स्वयंपाकघर आणि संडास एवढं अंतर तो एकट्यानं चालला, तर घरी. नाहीतर शुश्रूषागृहात, तेही कायमचं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केंद्राची माणसं घरी येऊन बघणार होती.

फेब्रुवारीत तो चार पायांची काठी घेऊन घरी आला. रोज सकाळी त्याच्याबरोबर चालायचं काम मी मागून घेतलं. हिस्केनं मला शिकवलं. त्याच्या उजव्या बाजूला राहायचं, अर्धं पाऊल मागं, हात त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर, डोळे गुडघ्यावर. आणि ती सांगेपर्यंत फक्त घरात.

केंद्राच्या लांब खोलीत तिनं मला त्याला चालवून दाखवायला लावलं.

"तुम्ही पुढं जाताय," ती म्हणाली.

"एकतीस वर्षांची खोड आहे, बाई."

मी हसलो. ती हसली नाही. "ती इथं दारात ठेवून जा," म्हणाली.

पाच आठवडे मी नीट वागलो. पलंगापासून चुलीपर्यंत चौदा पावलं. वोब्बेला पट्ट्यावरचा हात आवडत नसे. बाजारात गाय नेतात तसं मला नेतोस, म्हणायचा. मी म्हणायचो, गाय निदान दूध देते. इमक्ये चुलीजवळ उभी राहून ओठ हलवत पावलं मोजायची. मार्चच्या मध्याला तो चौदाच्या चौदा पावलं एकट्यानं चालला, माझा हात पट्ट्याजवळ नुसता हवेत होता. इमक्येनं तोंड फिरवून वाटाण्याचं सूप ढवळलं, जरा जास्तच वेळ.

आणि मग तो गुरुवार आला. पूर्वेचा कोरडा वारा सुटला होता. ओहोटी होती, बांधावरून चिखलाचा वास खाली गावात उतरत होता. ज्यानं तो वास आयुष्यभर घेतलाय त्याला तो बोलावतो. इमक्ये पाव आणायला गेली होती. वोब्बे म्हणाला, बांधाच्या पायथ्यापर्यंत जाऊ, इथं भिंतीच फार आहेत. मी नाही म्हणायला हवं होतं. मी त्याची टोपी आणली.

अंगणातून बाहेर पडेपर्यंत माझा हात पट्ट्यावर होता. फाटकापाशी तो थांबला.

"सोड," म्हणाला. "पुढं हो, सीत्से."

"हिस्केनं काय सांगितलंय?"

"तू बाजूला असलास की मी आजारी असतो. तू पुढं असलास की मी कामावर असतो."

मी हात काढला आणि पुढं झालो.

दहा पावलांतच एकतीस वर्षं माझ्या अंगात परत आली. छाती पुढं, नजर लांब, मागचं सगळं वोब्बेवर. किती दिवसांनी मी असा चाललो होतो. खरं सांगायचं तर त्या चालण्यात मला सुख झालं, आणि ते सुख त्याच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

चिखलात पाऊल बोलतं. साठ बुटांचा आवाज कानात असतो, एक जरी कमी झाला तरी कळतं. गवत मुकं असतं. मेंढ्या ओरडत होत्या, वारा कानात भरत होता, आणि मला मागून काही ऐकू येत नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं. आलं नाही असं मी म्हणणार नाही. मनात म्हटलं, काही झालं तर तो हाक मारील.

मेंढ्यांच्या कुंपणापाशी मागं वळलो तेव्हा तो तीस-चाळीस पावलं मागं, उजव्या कुशीवर पडला होता. टोपी वाऱ्यानं लांब नेली होती. डोळे उघडे होते आणि माझ्याकडं बघत होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर ताप, मग छातीत कफ. सात आठवडे तो पडून राहिला, आणि जो पाय वितीवितीनं शिकला होता तो सगळं विसरला. हिस्केनं पुन्हा सुरुवात केली. पण वोब्बे दांड्यांच्या मध्ये उभा राहिला की घामानं भिजायचा आणि बसू द्या म्हणायचा. ती मला रागावली नाही. एवढंच विचारलं, पट्टा धरला होता का. मी सांगितलं, सोडला होता. तिनं मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

जूनमध्ये त्याला शुश्रूषागृहात नेलं. खोलीच्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. इमक्ये रोज बसनं जाते, आणि बुधवारी मी तिला माझ्या गाडीतून नेऊ लागलो.

ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी मी साखरेचा पाव घेऊन गेलो. वोब्बे चाकाच्या खुर्चीत होता, गुडघ्यांवर रग. इमक्ये पाव कापत होती. बरेच दिवस पोटात ठेवलेलं मी त्या दिवशी बोललो. म्हटलं, वोब्बे, मागून आवाज येत नाही हे मला कळलं होतं. तरी मी वळलो नाही.

त्याचे शब्द आता पूर्वीपेक्षाही दुरून येतात.

"मी उभा होतो," तो म्हणाला. "लगेच पडलो नाही. पाय गवतात अडकला. तू जाताना दिसत होतास. हाक मारता आली असती. दोनदा आली असती."

"मग का नाही मारलीस?"

"स्वतःसाठी कशी मारायची?"

मला ते समजलं. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला त्याचा अभिमानही वाटला. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत होतो, तेवढ्यात इमक्येनं सुरी बशीत ठेवली.

"तू वळला नाहीस, त्यानं हाक मारली नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दोघांनी एकमेकांचा मान राखलात. आणि मी गेले सात महिने एकटी जेवते."

वोब्बेनं डावा हात तिच्याकडं नेला. तिनं तो घेतला, रगवरचे पावाचे कण झाडले, त्याच्या कपाळावर ओठ टेकले आणि कोट चढवला. मी किल्ल्या काढून तिच्या मागोमाग बाहेर आलो. ती गाडीकडं आली नाही. पावसाची भुरभुर सुरू झाली होती. ती रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभी राहिली. मी गाडी तिच्यासमोर नेऊन दार उघडलं. म्हटलं, इमक्ये, बसला अजून चाळीस मिनिटं आहेत.

"ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि बस ज्या बाजूनं येते तिकडं बघत राहिली.