बाबूजींनी न वाचू दिलेली ओळ

बपेऱ्याच्या फाट्यावर बाबूजी, माझे वडील, मला तुमसरच्या एसटीवर बसवायला आले होते. बस दिसली तशी त्यांनी माझी बॅग उचलली आणि म्हणाले, "रडू नोको. तू परमुलखात नाही जाऊन राहिली. आपल्याच देशात जाऊन राहिली."

त्यांचा 'आपला देश' म्हणजे माळवा. मला इंदूरच्या एका शाळेत इतिहास शिकवायची नोकरी लागली होती. आमचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी धारहून वैनगंगेच्या मुलखात आले, जंगल तोडून धानाच्या बांध्या केल्या, हे आमच्या घरी देवाच्या नावासारखं घेतलं जाई. दर तीन-चार वर्षांनी भाट यायचा. ओसरीत बसून वंशावळीची पोथी उघडायचा आणि नावामागून नाव वाचायचा. बाबूजी डोळे मिटून ऐकायचे. मीही ऐकायचे. शाळेतून आल्यावर रोवणीच्या चिखलात उतरणारी मी, तेवढा वेळ कुठल्याशा गढीवरची होऊन जायचे.

गाव सोडून गेलेल्या माझ्यासारख्यांनो, तुम्ही कशासाठी गेलात मला ठाऊक नाही. मी नोकरीसाठी गेले असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर मनोहरपासून दूर गेले. तो कॉलेजात माझ्याबरोबर होता, गोंड समाजाचा, वनखात्यात नुकताच लागलेला. लग्नाचं घरी काढलं तेव्हा बाबूजी ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपल्या लोकायनं मुलूख सोडला, पण रगत नाही सोडलं. तू सोडशील काय?"

मी नाही सोडलं. मनोहरला हेच शब्द जसेच्या तसे ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "माहे लोक तर इथंच होते. तुमी आले तवा तुमाले बसाले जागा कोणं देली, हे बी विचार एखाद्या दिवशी." आणि गेला.

इंदूरला घरमालकीण पहिल्याच दिवशी म्हणाली, "आप तो महाराष्ट्र की हो." मी म्हटलं, नाही, आम्ही मूळचे धारचे. ती हसली. "बोली से तो नहीं लगता." मला ते इतकं लागलं की पुढच्याच रविवारी मी धार गाठलं. पोथीतल्या आमच्या मूळ गावाचं नाव चौघांना विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. चहाच्या टपरीवर एक म्हातारे होते, ते म्हणाले, "बेटी, हम तो खुद गुजरात से आए हुए हैं. दादाजी बताते थे." त्यांनी चहा पाजला, पण गाव काही सापडलं नाही.

चौदा वर्षं झाली. आता मी भाजीला सब्जी म्हणते, पोह्यांवर शेव घालते, स्वप्नंसुद्धा अर्धी हिंदीत पडतात. वर्गात शिकवते, की माणसांचे तांडे कुठून कुठे गेले, कुणात मिसळले, आणि शेकडो वर्षांनी त्यांच्याच वंशजांनी एखादा थोर पूर्वज निवडून, बाकीचे विसरून, 'आम्ही अमुक राष्ट्राचे' म्हणून झेंडे कसे उभारले. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅम, तो बिना मिलावट का कौन है?" मी म्हटलं, "कोई नहीं." सगळ्या जगाबद्दल मी ते बोलले. आमच्या ओसरीबद्दल बोलते आहे असं मनातही आलं नाही.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, धान कापणीच्या दिवसांत, गावी होते. भाट आला, पण जुना नव्हे. तो वारला होता, त्याचा मुलगा आला, माझ्याच वयाचा. पोथी नवी हातात आलेली, म्हणून बोट ठेवून ओळन् ओळ वाचत होता. बाबूजींच्या आजोबांचं नाव आलं. "त्यांची बायको रुखमा," तो वाचत गेला, "जंगलाकडल्या टोल्याची, गोंडाच्या घरची."

"ते नोको वाचू," बाबूजी म्हणाले.

"पण काका, लिवलं हाय."

"तुहा बाप नव्हता वाचत. इथं पान पलटवे."

त्यानं पान उलटलं. आई दारात उभी होती. ती पोथीकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं.

भाट गेल्यावर मी विचारलं, "बाबूजी, तुमाले मालूम होतं?"

"होतं." ते जमिनीकडे पाहत होते. "माह्या बाबाले पंगतीत दूर बसवत. रुखमा बुढीच्या पोटचा म्हणून. मी लहान होतो, पाहिलं हाय मी. तुह्या लेकराले तसं नोको होतं मले."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, त तू थांबली असती काय?"

नसते थांबले. हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. ते पंगतीचं दुःख खरं होतं, मला ते कळतं. पण ज्या निर्भेळ रक्तासाठी त्यांनी मला अडवलं, ते कधी नव्हतंच, आणि ते जाणूनच त्यांनी मला अडवलं. मनोहरला आता दोन मुली आहेत. त्याला मी काही कळवलं नाही. कुठल्या तोंडानं कळवणार?

दुसऱ्या दिवशी ऑटो करून मी एकटी त्या टोल्यावर गेले. पंधरा-वीस घरांची वस्ती. मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी धान पाखडत होती. तिला रुखमाचं नाव सांगितलं. सूप तसंच धरून ती थांबली.

"माह्या सासूची ननंद ते. लग्न होऊन गेली, त्याच्यानंतर तिच्या सासरच्यायनं सणाले बी नाही धाडली. सासू सांगे, वाट पाहून पाहून माय मेली तिची. तू कोण होय?"

"तिची पणती."

म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी निघू लागले, तशी तिनं हात धरला. "बस. माहेरी आलेली पोरगी उभ्यानं नाही जात."

मी बसले, आणि तिथं मला रडू आलं.

आता गावी आले की मी आधी त्या टोल्यावर जाते, घरी नंतर. गावात मागे राहिलेले तुम्ही म्हणता, बापाशी एवढं कशाला धरून ठेवतेस. मी बोलते त्यांच्याशी, औषधंही आणून देते. परवा उशिरा पोचले तर त्यांनी विचारलं, "कोठं गेली होती?"

"माहेरी," मी म्हटलं.