अकरा तुकड्यांचा साचा

आमची ही पाहुण्यालासुद्धा दारातच सांगायची, "बसा, पण भिंतीला टेकू नका, पांढरे व्हाल." केसांत, अंथरुणात, भाकरीच्या परातीत, सगळीकडं प्लास्टर. मांडव्याच्या रस्त्याला आमची शेड, शेडमध्येच घर. मुंबईकरांच्या बंगल्यांना ग्रीक खांब लागतात, त्या खांबांची डोकी आम्ही ओतायचो. गावात तिला सगळे साचेवालीच म्हणायचे.

पहिला नमुना एका आर्किटेक्टनं आणला. ग्रीस देशातल्या जुन्या देवळाच्या खांबाचं डोकं, प्लास्टरमध्ये उतरवलेलं. चारी बाजूंनी काटेरी पानं, टोकाला बाहेर वळलेली. आमची ही उरणच्या मिठागरावर वाढलेली. बघितलं आणि म्हणाली, "ही तर आमच्या खाडीवरच्या मारांडीची पानं! त्यांच्याकडं पण खाजण हाय काय?" साहेब हसला. मग मोबाईलवर शोधून म्हणाला, "वहिनी, खरंच, दोन्ही एकाच कुळातली आहेत." ही म्हणाली, "मग? मी काय थापा मारते?"

पान बाहेर वळलं की साचा त्यात अडकतो. ओढला तर पान तुटतं. आता रबराचे साचे निघालेत, पण त्या वासानं हिला मळमळायचं. म्हणून ही प्लास्टरचाच साचा अकरा तुकड्यांत करायची आणि वरून सुतळीनं आवळायची. उघडताना कुठला तुकडा आधी, कुठला मागून, ते फक्त तिला माहीत. मी माल कालवायचो, ओतायचो. उघडायची वेळ आली की म्हणायची, "तुम्ही लांब व्हा. तुमचे हात रेड्याचे."

शेजारी बंगले उठले. त्यांच्याकडं धूळ जाते म्हणून आम्हाला खिडक्या बंद कराव्या लागल्या. धूळ आतच राहिली. हिला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा. मी म्हणालो, हा एवढा बंगला होऊ दे. असे चार बंगले झाले. ती एकदाच बोलली, "मला चार दिवस उरणला सोडा. वारा तरी लागंल." मी नेलं नाही. खोटं कशाला लिहू?

माघात ती गेली. आदल्या दिवशीच तिनं बांधलेल्या साच्यात मी माल ओतला होता. तो अजून तसाच आहे. बंगलेवाल्याचा माणूस येतो, "काका, फोडा ना साचा, आतलं डोकं तेवढं द्या." मी त्याला हाकलतो. परवा स्वतःच सुतळी सोडली. एक तुकडा निघाला. दुसरा हलेना. तिसऱ्याला हात घातला तर आतून बारीक कट् आवाज आला. तुकडे परत बसवले, सुतळी आवळली.

पंधरा वर्षं तिच्या शेजारी उभा होतो. आधी कुठला काढायचा, एकदा विचारायला काय झालं होतं मला?