उत्तराची मुदत

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, त्यानंतर मी नोकरीसकट गासला, आई-बाबांच्या घरी, राहायला आले. नोकरी म्हणजे एक लॅपटॉप, त्यामुळे सामान फार नव्हतं. पडवीत टेबल मांडलं. समोर केळीची वाडी, वाडीपलीकडे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. दुपारी राजोडीच्या किनाऱ्याकडून वारा सुटला की बावखलाचं पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सावकाश सुरकुतत जायचं, आणि मी कामापेक्षा त्या पाण्याकडेच जास्त बघायचे. खोटं कशाला बोलू, त्या घरात मला भर दिवसा जागेपणीच झोप लागायची आणि ती मला फार आवडायची.

आमच्या कंपनीची पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं कुठल्याकुठल्या खाड्यांवर बसवलेली आहेत. माझा प्रोग्राम त्यांना एकेकाला विचारतो, पाणी किती आहे, आणि उत्तराची वाट बघतो. हे वाट बघणं कोरूटीन नावाच्या प्रकाराने चालतं. नाव भारदस्त असलं तरी गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. आई भात चढवते, तो शिजेपर्यंत मासळीला हळद-मीठ लावते, तेवढ्यात बाबा खाकरले की त्यांना पाणी देते, आणि भाताकडे परत येते ती बरोबर जिथे तो सोडला होता तिथे. कामं ढीगभर, हातांची जोडी एकच. प्रत्येक काम अर्ध्यावर थांबतं, पाळी येईपर्यंत गप्प राहतं, आणि थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं.

फक्त वाट किती बघायची ते ठरवावं लागतं, कारण काही यंत्रं कधीच उत्तर देत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रश्नाबरोबर एक टायमर सोडायचा. उत्तर आणि टायमर यांच्यात जो आधी येईल तो जिंकला. टायमर जिंकला तर त्याला टाइमआउट म्हणतात. मग वाट बघणारं काम रद्द होतं आणि उत्तराच्या जागी आपण आधीच ठरवून ठेवलेलं काहीतरी लिहिलं जातं. आम्ही लिहायचो, काही बदल नाही. त्यानंतर खरं उत्तर आलं तरी ते वरातीमागून आलेलं घोडं, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

बाबांचं बोलणं बंद झालं नव्हतं. शब्द होते, पण त्यांना यायला वेळ लागायचा. कधी नुसते ओठ हलायचे, कधी एखादं अक्षर यायचं आणि पुढे काहीच नाही. त्यांच्या डोळ्यांत बघितलं की वाटायचं, हा माणूस मागच्या खोलीत आहे आणि दार उघडायला निघालाय. पण आम्ही सगळे दारावर थाप मारून लगेच परत फिरणारे.

दादाचं म्हणणं होतं की आई-बाबांनी विरारला त्याच्या फ्लॅटवर राहायला यावं. लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, संडास घरात आहे. मला हे नुसतं ऐकूनही राग यायचा. ज्या माणसाने जन्मभर इथला भात पिकवला, त्याला उचलून टीव्हीसमोर नेऊन बसवायचं? दादा दर रविवारी येऊन बाबांना विचारायचा, येताय ना आमच्याकडे? जरा थांबायचा, पुन्हा विचारायचा, मग आणखी मोठ्याने, जसे काही बाबा बहिरेच झालेत. शेवटी म्हणायचा, नाही म्हणत नाहीत म्हणजे हो. मौन म्हणजे संमती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्याने खोलीला रंगही देऊन ठेवला होता. भाताची कापणी झाली की न्यायचं, असं ठरवूनसुद्धा टाकलं.

त्याच सुमारास कामावर एक गोंधळ झाला. दूरच्या एका खाडीवरचं जुनं यंत्र बंद पडलंय असं माझा प्रोग्राम सांगत होता, आणि तिथला माणूस फोनवर सांगत होता की दिवा तर लुकलुकतोय. एका दुपारी मी त्या यंत्राशी झालेला सगळा संवाद उघडून बसले. ते उत्तर देत होतं, पण तुकड्यातुकड्याने. पहिला तुकडा यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. पुढचा येण्याआधी माझा टायमर वाजायचा. मी काम रद्द करायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचे. नवा प्रश्न आला की ते बिचारं होतं ते टाकून पहिल्यापासून सुरुवात करायचं. पडद्यावर एकाखाली एक नुसत्या सुरुवातीच दिसत होत्या, सगळ्या सारख्या.

नुसती मुदत वाढवून हे सुटत नाही, कारण मग खरोखर मेलेल्या यंत्रापाशी आपण उगाच ताटकळत राहतो. दुरुस्ती वेगळी होती. एकेक तुकडा आला की टायमर पुन्हा शून्यापासून सुरू करायचा. म्हणजे समोरचा बोलतोय तोवर मुदत संपतच नाही. आणि तो बोलत असताना पुन्हा विचारायचं नाही. एवढं लिहून मी पाण्याकडे बघत बसले. मागे आई बाबांना विचारत होती, चहा टाकू का? बाबांच्या घशातून एक आवाज निघाला. आई म्हणाली, चहा, चहा, टाकू ना? बाबांचे ओठ मिटले आणि पुन्हा तोच आवाज निघाला, पहिल्यासारखा. मी खुर्चीतच वळले.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना एकदाच विचारायला लागले. पाणी हवं का, एवढंच, आणि मग त्यांचा हात हातात घेऊन गप्प. केळीचं पान हलायचं, बावखलाच्या काठाला बगळा उतरायचा, कुठूनतरी भिजल्या पेंढ्याचा वास यायचा. त्यांचे ओठ हलले की मी मनातला टायमर पुन्हा शून्यावर आणायचे. त्या थांबण्यात मलाच माझा विसर पडायचा, आपण काय विचारलं होतं तेही आठवेनासं व्हायचं, आणि अचानक शब्द यायचा. ग्लासात, ते म्हणायचे. चमच्याने नको, ग्लासात. कधी उत्तर यायला इतका वेळ लागायचा की माझी मीटिंग सुरू झालेली असायची. ते मध्येच मीठ म्हणायचे ते भरकटणं नव्हतं, सकाळी पेजेबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं, हे मला मीटिंग चालू असतानाच उमगलं. मी तिथेच रडले आणि साहेबांना सांगितलं की सर्दी झालीय.

पुढच्या रविवारी दादा आला तेव्हा मी त्याला अट घातली. एकदाच विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. तो म्हणाला, तुझं कॉम्प्युटरचं घरात आणू नकोस. पण बाबांवर त्याचाही जीव होता, म्हणून खाटेशेजारी बसला. मला उत्तर माहीत होतं. बाबा नको म्हणणार, घर सोडायचं नाही म्हणणार, आणि दादाची बोलती बंद होणार, याची मी चार दिवस गोड स्वप्नं बघत होते.

दादाने विचारलं, "बाबा, आमच्याकडे येऊन राहायचं का?"

मग आम्ही थांबलो. ऊन पडवीच्या फरशीवर सरकत होतं. आई मागच्या दाराने बादली घेऊन आली, बाबांची धोतरं भिजत घातली, पुन्हा गेली. बाबांचे ओठ हलले. दादाने तोंड उघडलं, मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. काहीतरी घरंगळत यावं तसा एक आवाज आला, थांबला. रस्त्यावरून कळंबच्या किनाऱ्याला निघालेल्या गाड्या गेल्या आणि परत शांत झालं. मला वाटलं, हा दिवस असाच राहिला तरी चालेल, कोणी काही बोललंच नाही तरी चालेल. आई दुसरी बादली घेऊन दारात आली.

"हिला," बाबा म्हणाले. आम्ही हललो नाही. "हिला इचारलं का कोनी?"

दादाने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. दादाने बाबांना विचारलं होतं, मी बाबांची बाजू घेतली होती, आणि ज्या बाईच्या खांद्यावर बाबा रोज अंगणापलीकडच्या मोरीपर्यंत जातात तिला आम्हा दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी विचारलं, "आई, तुला कुठे राहायचंय?"

"तुम्ही म्हनाल तसं," ती म्हणाली. हे उत्तर एका क्षणात आलं. ते तिने आयुष्यभर तयार ठेवलेलं होतं आणि आम्ही प्रत्येक वेळी तेच घेऊन निघून गेलो होतो. या वेळी कोणी निघालं नाही. आईने बादली खाली ठेवली, पदराने हात पुसले, पुन्हा पुसले. बाबा तिच्याकडे बघत होते.

"मला न्या रे तिकडं," ती म्हणाली. "यांना उचलून उचलून पाठ गेली माझी. पानी भरवत नाय आता."

बाबांनी मान डोलावली. कितीतरी रविवार ते हे एवढंच सांगायला निघाले होते आणि आम्ही पुन्हा पुन्हा विचारून त्यांना पहिल्या अक्षरावर आणून सोडत होतो.

दादाने उठून बादली आत नेली. आई पायरीवर बसली ती बसूनच राहिली. भर दिवसा तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.