वाऱ्याआधी बांधलेले दोर

गावाबाहेरच्या छोट्या विमानांच्या मैदानावर त्यांना सगळे दोरमावशी म्हणत. वीस वर्षांपूर्वी त्या तिथे आल्या त्या गवत कापायला. मैदानाची राखण त्यांच्या नवऱ्याकडे होती. एकदा वादळात एका पाहुण्या विमानाचा पंख उचलला गेला आणि नवरा धावत जाऊन त्याला लटकला. विमान उलटलंच. नवऱ्याचा खांदा असा मोडला की उजवा हात पुन्हा कधी डोक्यापर्यंत गेला नाही.

त्याला दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात मावशींनी गाठी शिकायला घेतल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला दोर बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. नवरा बसल्या जागेवरून सांगायचा आणि चुकलं की हसायचा. वर्षभरात चुका संपल्या आणि त्याचं हसणंही. तेव्हापासून मैदानावर एकही विमान उलटलं नव्हतं, आणि हे सांगताना मावशी उगाच आवाज खाली करत नसत.

एका शनिवारी दुपारी सहलीला निघालेली चार विमानं उतरली. त्यांचे म्होरके दातांचे एक निवृत्त डॉक्टर होते. त्यांचं विमान दोन आसनी, पांढरंशुभ्र, बोट लावलं तर ठसा उमटेल असं. संध्याकाळी सोसाट्याचा वारा येणार होता. सिमेंटमध्ये पुरलेल्या कड्या तीन विमानांपुरत्याच होत्या. डॉक्टरांचं गवतावर उरलं.

"माझ्याजवळ मेखा आहेत," म्हणत त्यांनी पिशवी उघडली. वीतभर लांब, बोटाएवढ्या जाड.

मावशींनी एक ठोकू दिली. मग दोन बोटांत धरून हलवली आणि अलगद उपटली.

"डॉक्टर, दाताला एवढंच मूळ असतं तर तुमचा दवाखाना चालला असता का?"

डॉक्टर हसले, पण जरा ओशाळलेच. मावशींनी शेडमधून हातभर लांबीच्या मळसूत्री मेखा आणल्या आणि एकीच्या माथ्यावरच्या कडीत पहार आडवी घालून म्हणाल्या, "पिळायच्या आधी विमानाचं तोंड फिरवा."

"कशाला? वारा दक्षिणेचा आहे, नाक तिकडेच आहे."

"हा आत्ताचा झाला. येणारा त्या दोन टेकड्यांमधून, पश्चिमेकडून येतो. वीस वर्षं तोंडावर घेतेय मी तो."

डॉक्टरांनी मोबाइलमधला अंदाज पाहिला, टेकड्या पाहिल्या आणि विमान ढकलायला लागले. दोन मेखा पंखांसाठी, एक शेपटीसाठी. दोर तिरपे बांधले, किंचित ढिले.

"फार आवळलात तर पंखालाच ओढ बसते. फार सोडलात तर विमान हिसके देतं आणि मेख वर येते," मावशी म्हणाल्या. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. विमान वळवायचा आतला दांडा आसनाच्या पट्ट्याने जखडला, म्हणजे शेपटीच्या हलत्या झडपा वाऱ्याने फडफडायला नकोत.

पाच वाजता वारा आला, टेकड्यांमधूनच. शेडचे पत्रे थरथरू लागले. पांढऱ्या विमानाने एकदा मान टाकली, पुन्हा उचलली. आत थांबलेले डॉक्टर शेडच्या दाराकडे धावले.

"मी जाऊन धरतो."

मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आमच्या यांनी धरलं होतं."

बाकावर बसलेल्या नवऱ्याने उजवा हात वर केला. तो खांद्याशी येऊन थांबला. डॉक्टरांनी तो हात पाहिला आणि ते नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसले.

"बांधलंय ते मी बांधलंय. बसून बघा," मावशी म्हणाल्या.

चाळीस मिनिटांनी वारा ओसरला. चारही विमानं चाकांवर उभी होती. डॉक्टरांनी पांढऱ्या पंखावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मावशी मात्र शेपटीशी वाकल्या होत्या. तिथली मेख चार बोटं वर आली होती. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"माती भुसभुशीत आहे इथली. मला आधी कळायला हवं होतं."

"पण टिकलं ना, मावशी?"

"टिकलं. पण चार बोटं म्हणजे कमी नाही."

सकाळी निघण्याआधी डॉक्टर गाठ शिकले. मावशींनी ती तीनदा सोडायला लावली. सोमवारी त्यांनी शेपटीच्या त्याच जागी गुडघाभर खड्डा खणला, नवऱ्याला सिमेंट कालवायला बसवलं आणि चौथ्या विमानाच्या कड्या पुरायला घेतल्या.