सत्यशीलाबाईंचा रकाना

येरवड्यातल्या एका महापालिकेच्या शाळेत सत्यशीलाबाईंची लाकडी फूटपट्टी बाईंच्या आधी वर्गात शिरते, असं पोरं म्हणत. हात जड, जीभ त्याहून जड. पण तिसरीचं गणित शिकवावं ते बाईंनीच, हे त्यांचे वैरीही कबूल करायचे.

त्या दिवशी धडा होता माहिती गोळा करून मांडायचा. आवडतं फळ कोणतं? जो तो उठून म्हणाला, स्ट्रॉबेरी. पुस्तकात तिचं चित्र होतं ना!

"कधी खाल्लीस?" बाईंनी शंभूला विचारलं.

"नाही बाई."

सटकन फूटपट्टी बसली. "थापाच मांडायच्या तर गणित कशाला हवं? खरं सांगता येईल असं काहीतरी मोजा."

शंभू हात चोळत म्हणाला, "मग मार कशानं बसतो ते मोजू."

वर्ग खिदळला. बाईही इरेला पेटल्या. फरशीवर खडूनं रकाने आखले: हात, चप्पल, लाटणं, कमरेचा पट्टा. प्रत्येकाला बाटलीचं एक झाकण. सगळ्यात जास्त मार ज्याचा, तिथं ठेवायचं. पोरं घुटमळली. मग शंभूनंच खडू उचलून आणखी एक रकाना आखला, 'बाईंची फूटपट्टी', आणि बघता बघता तिथली झाकणांची रांग दाराला भिडली. शरमेनं बाईंना मान वर करवेना.

पट्ट्याच्या रकान्यात एकच झाकण होतं, तनुजाचं.

मधल्या सुट्टीत पोरांच्या तोंडून ही बातमी फाटकाबाहेर टेम्पो लावून बसलेल्या तिच्या बापाला, संपतला, कळली. सुट्टी संपून पोरं जागेवर बसतायत तोच तो पट्टा सोडत वर्गात घुसला. "घरचं चव्हाट्यावर मांडती व्हय गं!" पहिला फटका तनुजाच्या पाठीवर बसला, दुसऱ्यानं कान फाटला. पोरं किंचाळत बाकांखाली शिरली. बाई मधे पडल्या.

"हात आवर, संपत!"

त्यानं फरशीकडं बोट केलं. "ती लांब रांग कुणाची हाय, बाई? आन् मला शिकवताय?"

बाईंनी त्या रांगेकडे पाहिलं. पण तनुजाला पाठीमागे घेऊन त्या जागच्या हलल्या नाहीत. बकलाचे घाव खांद्यावर बसले, तोंडावर बसले, मग मनगटावर, आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्या वर्गानं ऐकला. शाळेच्या शिपायांनी संपतला आडवा केला तेव्हा झाकणं रक्तात विखुरली होती.

पोलिसांनी त्याला उचललं. ह्या खेपेला तनुजाच्या आईनं तक्रार मागं घेतली नाही.

महिन्यानं बाई प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून आल्या. "धडा अर्धा राहिलाय," म्हणाल्या आणि डाव्या हातानं तेच रकाने वाकडेतिकडे आखले. "ह्या महिन्यातलं मांडा. खरं तेच."

चप्पल होती, लाटणं होतं. बाईंचा रकाना रिकामा राहिला. "हे श्रेय प्लास्टरचं," त्या म्हणाल्या. कोणी हसलं नाही. फूटपट्टी त्यांनी आणलीच नव्हती.

तनुजा झाकण मुठीत धरून सगळ्या रकान्यांपुढून फिरली, पुन्हा फिरली. आपलं चुकतंय, ह्या भीतीनं तिचे डोळे भरले.

"बाई, माझं कुठंच बसत नाही."

बाईंनी हात पुढे केला. तनुजा डोळे मिटून अंग चोरून मागे सरली.

बाईंनी हात तसाच उघडा ठेवला. तिनं डोळे उघडले, पुढे आली आणि त्यावर झाकण ठेवलं.